रोह्याच्या कोर्टातील न्यायाधीश नेमतो कोण?

२३ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील सिएटल येथील एका न्यायाधीशाने राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या एका आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी दांपत्याच्या तेथे जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळू नये, असा तो आदेश होता. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या जिव्हाळ्याचा हा विषय. त्यामुळे त्या बातमीची चर्चा इकडे कोकणातल्या घरांतही झाली. स्थगिती देणारे जॉन कफनॉर हे तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नव्हते. ते खटल्याची पहिली सुनावणी करणाऱ्या संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांची नेमणूक १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी केली होती आणि वयाची ऐंशी ओलांडूनही ते न्यायासनावर होते.

साहजिकच प्रश्न पडतो, की आपल्याकडे असा न्यायाधीश कोण? त्याला नेमतो कोण, काढतो कोण आणि त्याचा अधिकार कोठवर पोहोचतो?

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणे सोडले, की रोह्याच्या आधी निडी हे लहानसे स्थानक लागते. या परिसरातील माणसाचा बांधावरून तंटा झाला, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपावरून भाऊबंदकी उभी राहिली, धनादेश न वटल्याची फिर्याद करावयाची असली, तर तो रोह्याच्या वा पेणच्या कोर्टाची पायरी चढतो. तेथे बसतात ते दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. पदे दोन, खुर्ची बहुधा एकच. सकाळी वाटपाचा दावा ऐकणारे साहेब दुपारी मारामारीच्या खटल्यात साक्ष नोंदवीत असतात. लोकांच्या बोलण्यात मात्र ते ‘जज्जसाहेब’ आणि कोर्ट ते ‘खालचे कोर्ट’. हा ‘खालचे’ शब्द सर्वोच्च न्यायालयालाही खटकला. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने २०२४ मध्ये आपल्या कार्यालयाला सांगितले, की या न्यायालयांच्या कागदपत्रांना ‘लोअर कोर्ट रेकॉर्ड’ म्हणू नये, ‘ट्रायल कोर्ट रेकॉर्ड’ म्हणावे. राज्यघटनेच्या संबंधित प्रकरणाचे शीर्षक मात्र अजून ‘दुय्यम न्यायालये’ असेच आहे.

अमेरिकेत न्यायालयांचे दोन वेगळे संसार आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये, आणि त्यांच्या शेजारी संघराज्याची ९४ जिल्हा न्यायालये. १७८९ च्या कायद्याने सुरुवात झाली तेव्हा ती तेराच होती. संघराज्याचा कायदा, घटनेचा प्रश्न, दोन राज्यांतील नागरिकांमधील मोठा तंटा या गोष्टी संघीय न्यायालयात जातात. घटस्फोट, वारसा, चोरीमारी या बहुतांशी राज्याच्या न्यायालयात. संघीय न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितो, सिनेट संमती देते आणि त्यानंतर वर्तन चांगले असेतोवर तहहयात खुर्ची मिळते. संबंधित राज्याच्या सिनेटरांची मर्जी सांभाळावी लागते, असा तेथील जुना संकेत आहे. नेमणूक अशी उघडउघड राजकीय असते; परंतु एकदा नेमल्यानंतर नेमणाऱ्याचा हात पोहोचत नाही. राज्यांच्या न्यायालयांची तऱ्हा आणखी निराळी. अनेक राज्यांत न्यायाधीश मते मागून निवडून येतात!

भारतात हा दुहेरी संसार नाही. रोह्याचे कोर्ट संसदेने केलेला करार कायदा लावते, हिंदू वारसा कायदा लावते आणि महाराष्ट्र विधिमंडळाने केलेले कायदेही लावते. तेथून अपील जिल्हा न्यायालयाकडे, तेथून मुंबई उच्च न्यायालयाकडे आणि प्रसंगी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयाकडे. एकच शिडी आहे आणि तिची पहिली पायरी तालुक्याच्या गावी आहे. ‘फेडरल’ नाव धारण करणारे एक न्यायालय भारतात होऊन गेले खरे. १९३५ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पण तेथे थेट चालत ते संघराज्य आणि प्रांत यांच्यातील तंटे. सामान्य पक्षकाराला थेट दाद मागण्याची ती जागा नव्हती. १९५० मध्ये त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

अधिकाराच्या बाबतीतही रोह्याच्या न्यायाधीशाची सिएटलच्या न्यायाधीशाशी तुलना होत नाही. सरकारचा आदेश घटनाबाह्य आहे म्हणून दाद मागावयाची, तर रिट अर्ज उच्च न्यायालयातच करावा लागतो. रोह्यात चालू असलेल्या एखाद्या दाव्यात कायद्याच्या वैधतेचाच प्रश्न निघाला आणि तो सुटल्याशिवाय दावा निकाली निघणे शक्य नाही, असे न्यायाधीशाला वाटले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११३ व्या कलमानुसार तो प्रश्न त्याने उच्च न्यायालयाकडे पाठवावयाचा असतो. कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. कोकणात तर आणखी एक मर्यादा नित्य अनुभवाला येते. जमिनीच्या दाव्यात ‘मी कूळ आहे’ असा बचाव पुढे आला, की तो मुद्दा ठरविण्यासाठी प्रकरण तहसीलदाराकडे पाठवावे लागते. कुळकायद्याने तो प्रश्न दिवाणी कोर्टाच्या हातून काढून घेतला आहे. शेतरस्ता अडविल्याची तक्रारही १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारासमोर चालते. म्हणजे ज्यांना लोक ‘कोर्ट’ म्हणतात, त्यांतील काही ठिकाणी न्यायाधीश नव्हे, तर महसुली अधिकारी बसलेला असतो.

तरीही या पहिल्या पायरीचे महत्त्व कमी होत नाही. साक्षीदार बोलतो तो याच न्यायाधीशासमोर. त्याचा अडखळलेला आवाज, उलटतपासणीत उडालेली तारांबळ, खरेदीखतावरील अंगठ्याविषयी दिलेले उत्तर, हे सारे येथेच पाहिले आणि नोंदले जाते. वरची न्यायालये त्या नोंदीचा कागद वाचतात. दिवाणी दाव्यातील दुसरे अपील तर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. वस्तुस्थितीचा निष्कर्ष तेथे सहसा बदलत नाही. शिवाय बहुसंख्य पक्षकारांची ऐपत व उमेद अलिबागपर्यंतच पुरते. त्यांच्यापुरता देशाचा न्याय रोह्यात, पेणमध्ये वा फार तर अलिबागला होऊन जातो.

महाडचा दावा

याच जिल्ह्यातील एका दाव्याने पहिल्या कोर्टाचे हे मोल दाखवून दिले आहे. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्यापूर्वी गावातील काही सवर्णांनी महाडच्या सबजज्जाच्या कोर्टात दावा लावला. तळे आमच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांना तेथे येण्यास मनाई करावी, अशी मागणी होती. प्रतिवादींत डॉ. आंबेडकर होते. १४ डिसेंबर रोजी कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले; परंतु कोर्टाचा हुकूम असल्याने तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. हजारो माणसे गोळा झालेली असताना एका तालुक्याच्या कोर्टातील कागदाने ती थांबली.

तो मनाईहुकूम पुढे १९२८ मध्ये उठला. १९३१ मध्ये दाव्याचा निकाल लागला आणि तो वादींच्या विरोधात गेला. अपील ठाण्याच्या असिस्टंट जज्जासमोर चालले, तेही फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अनादि काळापासून चालत आलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे सार होय. ती वहिवाट होती की नव्हती हे ठरविणारा पुरावा मात्र महाडलाच नोंदला गेला होता. त्यावरच तिन्ही न्यायालयांचे निकाल उभे राहिले.

उच्च न्यायालयात हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे मूळचे आयसीएस अधिकारी. १९२२ मध्ये अहमदाबादचे जिल्हा व सत्र न्यायाधीश असताना राजद्रोहाच्या खटल्यात महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली होती. ब्रिटिश अमदानीत जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर असे आयसीएस अधिकारी बसत. त्यांच्याखाली सबजज्ज म्हणून एतद्देशीय वकील व पदवीधर. ब्रूमफील्ड यांच्या सभ्यतेविषयी गांधीजींनाही तक्रार नव्हती. व्यवस्थेविषयीचा आक्षेप वेगळा होता. जे सरकार खटला भरते, त्याच सरकारच्या नोकरवर्गातून न्यायाधीश यावा काय, आणि त्याची बढती-बदली त्याच सरकारच्या हाती असावी काय?

या आक्षेपाला जुनी पार्श्वभूमी होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ पासून पुण्यात सबजज्ज होते. सार्वजनिक सभेच्या कामातील त्यांचा हात सरकारला खुपत होता. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले, तेव्हा संशयाची सुई रानड्यांकडे वळली आणि त्यांना धुळ्याला धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. रानड्यांना नोकरीतून काढले नाही, त्यांच्या एखाद्या निकालावर ठपकाही ठेवला नाही. फक्त बदली केली. न्यायाधीशाला धाकात ठेवण्यास तेवढे पुरते, हे त्या काळच्या प्रत्येक सबजज्जाने ओळखले असणार.

म्हणून घटना समितीत या विषयाला वेगळे स्थान मिळाले. जिल्हा आणि त्याखालच्या न्यायाधीशांविषयीची कलमे मूळ मसुद्यात नव्हती. ती सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी मांडली. महाडच्या सबजज्जाच्या कोर्टात प्रतिवादी म्हणून ज्यांचे नाव पुकारले गेले होते, त्यांनीच पुढे देशभरच्या सबजज्जांना सरकारच्या हातून काढून उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणले. राज्यघटनेची २३३ ते २३७ ही कलमे ती हीच.

नियुक्तीचा मार्ग

या कलमांची मांडणी अशी आहे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. त्याखालच्या न्यायाधीशांची नेमणूकही राज्यपालच करतात; पण त्यासाठीचे नियम लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय या दोघांना विचारून झालेले असावे लागतात. आणि २३५ वे कलम सांगते, की एकदा नेमणूक झाली म्हणजे नियंत्रण उच्च न्यायालयाचे. कनिष्ठ न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, रजा हे सारे मुंबईत फोर्टमधल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीतून ठरते, मंत्रालयातून नव्हे. या नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाईही येते काय, असा वाद पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती येते असा निर्वाळा दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पाठोपाठ १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांना जिल्हा न्यायाधीश नेमण्याची काढलेली वाट न्यायालयाने बंद केली. तोवर झालेल्या नेमणुका वाचविण्यासाठी संसदेला त्याच वर्षी विसावी घटनादुरुस्ती करावी लागली.

फौजदारी बाजूचे हस्तांतरण सावकाश झाले. तालुक्याचा मामलेदार हाच मॅजिस्ट्रेट, ही जुनी रीत. मुंबई राज्याने १९५१ मध्ये कायदा करून न्यायदानाचे काम महसुली अधिकाऱ्यांकडून काढून घेतले. संपूर्ण देशात ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाले. तहसीलदाराला आजही कार्यकारी दंडाधिकारी म्हणतात. पण शांतताभंगाच्या जामिनाच्या पलीकडे त्याचे फारसे चालत नाही.

रोह्याच्या वा पेणच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचा आजचा रस्ता महाराष्ट्र न्यायिक सेवा नियम, २००८ मधून जातो. उच्च न्यायालय रिक्त जागा कळविते, महाराष्ट्र लोकसेवा आयोग जाहिरात देतो. पूर्वपरीक्षा केवळ गाळणी. खरी कसोटी लेखी मुख्य परीक्षेची आणि तोंडी परीक्षेची. मुलाखत मंडळात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसतात. त्यांचा सल्ला सामान्यतः डावलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच बजावले आहे. निवडयादी सरकारच्या विधि व न्याय विभागाकडे जाते, राज्यपालांच्या नावे आदेश निघतो. मग उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण आणि त्यानंतर परिवीक्षेचा काळ. उमेदवाराला मराठी लिहिता, वाचता, बोलता यावे आणि मराठीतून इंग्रजीत व उलट सहज भाषांतर करता यावे, ही अट नियमातच आहे. ती तांत्रिक वाटली तरी पुढील एका वादात तिचे वजन फार आहे.

वय कोणते, अनुभव किती, हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ धुमसत आहे. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान तीन वर्षे वकिली केल्याशिवाय कोणाला न्यायासनावर बसवू नये. मग न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या आयोगाचा अहवाल आला. हुशार विद्यार्थी तीन वर्षे वकिली केल्यावर या तुटपुंज्या वेतनाकडे वळत नाही, असे दिसून आले होते. त्यामुळे २००२ मध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. नव्या पदवीधरांना घ्या, पण प्रशिक्षण चांगले द्या, असे सांगितले. मग पंचविशीच्या आतले न्यायाधीश दिसू लागले. त्यांच्यातील कित्येक अतिशय तल्लख असतात, यात शंका नाही. परंतु ज्याने कधी पक्षकाराला तारखेमागून तारीख का पडली हे समजावून सांगितलेले नाही, त्याला तालुक्याच्या वकिलांच्या पन्नाशीतल्या फळीसमोर एकदम बसविणे हे त्याच्यावरही अन्यायाचे होते. उच्च न्यायालयांनीही अशाच आशयाच्या तक्रारी केल्या.

२० मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या सनद-नोंदणीपासून मोजावयाची. दहा वर्षे अनुभव असलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर स्थानिक प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही हवी. न्यायाधीशांकडे विधि-लिपिक म्हणून केलेले कामही धरावयाचे. आणि अट पुढील भरतीपासूनच लागू. निर्णयाची दिशा योग्य वाटते. अडचण आहे ती खेड्यातून आलेल्या मुलामुलींची. पहिली तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली मिळकत जवळजवळ नसते. घरचा आधार असलेला ती काढतो. पेण-रोह्यासारख्या ठिकाणाहून शिकायला बाहेर पडलेल्या, पहिल्या पिढीतील कायदा पदवीधराने, विशेषतः लग्नाचे वय झाले म्हणून घरून तगादा असलेल्या मुलीने ती कशी काढावी, हा प्रश्न उरतोच. प्रमाणपत्रावरची सही खऱ्या वकिलीची की ओळखीची, हेही पाहावे लागेल.

जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीला तीन दरवाजे आहेत. एक, खालून सेवाज्येष्ठता व गुणवत्तेने बढती. दुसरा, सेवेतील लोकांसाठीच मर्यादित स्पर्धा परीक्षा. तिसरा, किमान सात वर्षे वकिली केलेल्यांची थेट भरती. ती परीक्षा महाराष्ट्रात आयोग नव्हे, तर उच्च न्यायालयच घेते. या दरवाजांची रुंदी बदलत आली. २००२ मध्ये निम्म्या जागा बढतीला आणि उरलेल्या दोघांना पाव-पाव, असे प्रमाण होते. २०१० मध्ये स्पर्धा परीक्षेचा वाटा दहा टक्क्यांवर आणून तो बढतीकडे वळविला गेला. २०२५ च्या मे महिन्यातील त्याच निकालाने तो पुन्हा पंचवीस टक्के झाला.

तिसऱ्या दरवाजावरील वाद अधिक रंगला. घटनेच्या २३३ (२) मध्ये जो ‘आधीच सेवेत नाही’ अशाने सात वर्षे वकील असावे, असे म्हटले आहे. त्याचा अर्थ २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा लावला, की थेट भरती वकिलांसाठीच. सेवेत असलेल्या न्यायाधीशाला तो मार्ग बंद. म्हणजे पाच वर्षे वकिली करून दिवाणी न्यायाधीश झालेला माणूस, न्यायासनावर बसला म्हणून अपात्र, आणि त्याच्यासमोर युक्तिवाद करणारा त्याचा समवयस्क वकील पात्र! ९ ऑक्टोबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा अर्थ बदलला. वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरत असतील, तर सेवेतील अधिकाऱ्यालाही थेट भरतीसाठी अर्ज करता येईल; वय मात्र किमान पस्तीस हवे. वकील संघांना हे रुचले नाही, कारण आता त्यांच्या राखीव समजल्या गेलेल्या पाव जागांवर सेवेतील लोकही हक्क सांगणार.

एक देश, एक न्यायसेवा?

अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशाच्या सर्वांत जवळ जाणारी भारतीय कल्पना म्हणजे अखिल भारतीय न्यायिक सेवा. जिल्हाधिकाऱ्याप्रमाणे जिल्हा न्यायाधीशही अखिल भारतीय परीक्षेतून यावा, ही ती कल्पना. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५८ मध्ये तिची शिफारस केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३१२ व्या कलमात तशी सोय झाली. राज्यसभेने दोन-तृतीयांश बहुमताने ठराव करावयाचा आणि मग संसदेने कायदा. जिल्हा न्यायाधीशापेक्षा खालचे पद त्यात घेता येणार नाही, असेही तेथे लिहिले आहे. म्हणजे ही सेवा आली, तरी रोह्याच्या कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीश राज्याचाच राहील. अलिबागचे जिल्हा न्यायाधीश मात्र देशाच्या यादीतून येऊ शकतील. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अशा सेवेचा पुरस्कार केला होता.

दूरच्या, वंचित घटकांतील तरुणांना उच्च पदापर्यंत एक सरळ रस्ता मिळेल, हा या कल्पनेचा मोठा गुण आहे. तिच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप भाषेचा आहे आणि तो हलका नाही. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची भाषा मराठी झाली. त्याआधीही साक्ष मराठीतच होत होती. जमिनीच्या दाव्यात सातबारा आणि फेरफार वाचावे लागतात, मोडी लिपीतील जुना दस्त भाषांतरित होऊन समोर येतो, आगरी वा कातकरी साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. ‘खारबंदिस्ती’, ‘वरकस’, ‘गुरचरण’ या शब्दांचे अर्थ कोशात सापडतात; पण साक्षीदार कोणत्या अर्थाने बोलला हे कोशात सापडत नाही. इंग्रजी अमदानीतील आयसीएस न्यायाधीशही दुभाषा घेऊन बसत. खुनाच्या खटल्यात मृत्युपूर्व जबाबाच्या एका क्रियापदावर निकाल फिरतो. तेथे परप्रांतातून आलेल्या, चार महिने मराठी शिकलेल्या जिल्हा न्यायाधीशाकडून न्यायाची अपेक्षा करणे धाडसाचे ठरेल. भाषेची अट कायम ठेवून ही सेवा कशी उभारावयाची याचे समाधानकारक उत्तर तिच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप दिलेले नाही.

या साऱ्या चर्चेत निडीच्या पक्षकाराला सर्वाधिक सतावणारी गोष्ट मात्र साधी आहे. खुर्ची भरलेली असणे. १९८७ मध्ये विधि आयोगाने दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे म्हटले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाच वर्षांत गाठण्यास सांगितले. मंजूर पदांचा विचार केला तरी देश त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेला नाही, आणि मंजूर पदेही सगळी भरलेली नसतात. २००७ मध्ये न्यायालयाने भरतीचे वेळापत्रकच आखून दिले. जागा कळविण्यापासून रुजू होण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला तारीख. परीक्षा लांबणे, निकालाला आव्हान, नियुक्तीपत्राला विलंब यांतून ते वारंवार मोडते. मग एका कोर्टाचा कार्यभार शेजारच्या न्यायाधीशाकडे जातो. त्या काळात तातडीचे अर्ज तेवढे ऐकले जातात आणि बाकीच्या दाव्यांना पुढची तारीख मिळते.

भरलेली खुर्चीही दर तीनेक वर्षांनी रिकामी होते. उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या सर्वसाधारण बदल्यांची यादी निघते आणि अर्धवट ऐकलेला दावा नव्या न्यायाधीशासमोर येतो. अशा वेळी साक्षी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील पंधराव्या नियमानुसार पूर्वीच्या न्यायाधीशाने नोंदविलेला पुरावा नव्याने नोंदविल्यासारखाच धरून, दावा जेथे थांबला होता तेथून पुढे चालविता येतो. बांधावर हात ठेवून ज्याने साक्ष दिली तो म्हातारा तोवर हयात नसला, तरी त्याचे बोलणे कागदावर असते. ते ऐकणारे साहेब मात्र तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात रुजू झालेले असतात.